वळ उठत नाही म्हणून शाळेला दिसत नाही

सहावीतल्या आमच्या पोराचं पहिल्या घटक चाचणीचं प्रगतीपत्रक ऑगस्टच्या शेवटी हातात आलं आणि मार्कांच्या आधी माझी नजर खाली हजेरीच्या रकान्यावर गेली. ५२ पैकी ३८. आता ह्या पोराला आमचे हे रोज मोंढ्यात दुकानावर जाताना स्वतः गाडीवर शाळेच्या गेटापर्यंत सोडतात, एक दिवस पाऊस लई होता तेवढा सोडला तर शाळा बुडलेली नाही, मग हे १३ दिवस गेले कुठं? पहिला संशय हाच की पोरगं दांडी मारायलंय. संध्याकाळी विचारलं तर गप्प. दोन दिवसांनी रात्री अंथरुणात माझ्याकडं पाठ करून म्हणलं, "मी वर्गातच असतो, फक्त हजर म्हणत नाही."

त्याचं बोलताना अडखळतं. त्यात ह नं सुरू होणारा शब्द तर हमखास अडतो. सरांनी ३४ नंबर घेतला की हा उभा राहणार, "ह... ह..." होणार, आणि मागच्या दोन बाकांवरून चार-पाच जण एका सुरात "ह-ह-ह-हजर!" करणार, मग सगळा वर्ग हसणार, सर "गप बसा रे" म्हणत ३५ वर जाणार. जून संपायच्या आत पोरानं स्वतःचा उपाय काढला, ज्या दिवशी धीर होत नाही त्या दिवशी आपला नंबर आला की मान खाली घालून बसायचं. ४७ लेकरांचा वर्ग, सर हजेरीच्या कॅटलॉगातून मान वर करत नव्हते, आवाज आला नाही की गैरहजर मांडत होते.

ह्याच्या आधी जुलैमध्ये मी शाळेत जाऊन आले होते बरं का. वर्गात चिडवतात एवढंच कळलं होतं, तेवढंच सांगितलं. मुख्याध्यापक चांगले माणूस आहेत, चहा पाजला आणि म्हणले, "ताई, लेकरं आहेत, चिडवाचिडवी चालायचीच, आम्हाला काय कमी चिडवलं का लोकांनी." मी पण मान हलवून परत आले. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते पटलं होतं. नंतर दोन-तीन महिने मी ह्या विषयाच्या मागं लागले, कायदे वाचले, मास्तर लोकांशी बोलले, आणि त्यातलं जे समजलं ते इथं सोपं करून लिहायलेय.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. इंग्रजीत बुलिंग म्हणतात, आपल्याकडं त्याला एकच एक शब्द नाही. चिडवणं म्हणलं की डोळ्यासमोर काय येतं, मामाचं गाव, आंब्याचं झाड, भावंडांची मस्ती. म्हणून तुम्ही "चिडवतात" म्हणलात की समोरचा "चालायचंच" म्हणणार, त्यात त्याची तरी काय चूक. आपल्या शब्दांत हिणवणं आहे, टोचून बोलणं आहे, नक्कल करणं आहे, वाळीत टाकणं आहे, ते शब्द जास्त खरे आहेत. मी दुसऱ्या वेळी "चिडवणं" हा शब्द तोंडातून काढलाच नाही.

मग मस्ती कुठं संपते आणि हिणवणं कुठं सुरू होतं? नॉर्वेमध्ये डॅन ओल्वेउस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी ह्यावर आयुष्य घातलं. १९८२ साली तिकडं तीन मुलांनी जीव दिला, शाळेतला छळ हे त्यामागचं कारण असावं असं दिसलं, आणि पुढच्याच वर्षी त्या देशानं शाळाशाळांत मोहीम सुरू केली. ओल्वेउस यांनी तीन खुणा सांगितल्या, म्हणजे बोलणं मुद्दाम केलेलं आहे, ते पुन्हा पुन्हा होतंय, आणि दोन बाजूंची ताकद सारखी नाही. ताकद म्हणजे अंगाचीच नाही, चार जण विरुद्ध एक ही पण ताकद, सफाईदार बोलणारा विरुद्ध अडखळणारा ही पण, संस्थेत ज्याचा चुलता आहे तो विरुद्ध ज्याचं कोणीच नाही ही तर आपल्याकडं फारच मोठी. गावात प्रत्येकाला एक टोपणनाव असतंच, आमच्या ह्यांना त्यांचे दोस्त अजून "गेंड्या" म्हणतात आणि हे पण त्यांना काहीबाही म्हणतात, तिथं दोन्ही पारडी सारखी आहेत. आमच्या पोराच्या वर्गात पारडं एकच होतं.

घरी बसून ओळखायचं कसं तर मला तरी एकच गोष्ट उपयोगी वाटली, लेकरू आपली रीत बदलायला लागलं का बघायचं. बाटली भरलेली परत येते कारण पाणी पिलं की मुतारीकडं जावं लागतं आणि तिथंच ती पोरं असतात. जवळचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानं येणं. सोमवारी सकाळीच पोट दुखणं. आणि हजेरीला मान खाली.

आता शाळेला हे का दिसत नाही ते पण बघू, कारण मास्तरला शिव्या घालून काही होत नाही. एखाद्यानं कंपास मारला, रक्त आलं, तर शाळा धावपळ करते, पालकांना फोन करते, वहीत नोंद होते. शब्दाचा वळ उठत नाही. तो तीन सेकंदांत होऊन जातो आणि मास्तर फळ्याकडं तोंड करून असतात. त्यात एकेका शिक्षकाच्या डोक्यावर पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं, मतदार यादीचं काम. दुसरं म्हणजे मोठी माणसं विचारतात कधी, तर भर वर्गात. "कोण रे कोण चिडवतंय ह्याला, उभा रहा!" असं विचारल्यावर जगातलं कोणतंही लेकरू "कोणी नाही सर" असंच म्हणणार. शाळेनं चौकशी केली, काही आढळलं नाही, विषय बंद. ह्याच्यात कोणी खोटं बोललेलं नसतं, तेच तर अवघड आहे.

कॅनडातल्या टोरोंटोच्या शाळांमध्ये संशोधकांनी मैदानावर कॅमेरे लावून आणि मुलांना माइक लावून हे प्रकार टिपले. बहुतेक वेळा आजूबाजूला दुसरी मुलं हजर असायची, मधे पडणारी फार कमी. पण २००१ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षात एक गोष्ट आहे, एखादं पोर मधे पडलं तर निम्म्याहून जास्त वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! फिनलंडनं ह्याच दिशेनं अख्खा कार्यक्रम बांधला, २००९ पासून तो तिथं देशभर चालू झाला, आणि त्यात भर कशावर तर हसणाऱ्या बाकीच्या वर्गावर. मला हे वाचल्यावर मागच्या बाकावरच्या चौघांचा राग थोडा कमी झाला आणि हसणाऱ्या ४० जणांचा विचार सुरू झाला, कारण ते हसले नसते तर चौघांनी आठवड्यात कंटाळून सोडून दिलं असतं.

आपल्याकडं कशावरून हिणवतात त्याला तर काही अंतच नाही. रंग, वजन, चष्मा हे सगळीकडचंच. माझी मावसबहीण बीडकडं वडवणी भागात झेडपी शाळेवर मॅडम आहे, ती सांगते की दिवाळीनंतर आई-बापासोबत ऊसतोडीला फडावर गेलेली लेकरं मार्च-एप्रिलात परत येतात तेव्हा त्यांना वर्गात "कोयता" म्हणूनच हाक मारतात, आणि ते लेकरू चार महिन्यांचा अभ्यास मागं पडलेलं असतं ते वेगळंच. ज्या घरात शेतकरी बापानं जीव दिलाय त्या लेकराला काय काय ऐकावं लागतं ते लिहायला हात होत नाही. आणि जात. गेल्या काही वर्षांत आरक्षणावरून गावागावात मोठी माणसं जे बोलायलेत, स्टेटसला ठेवायलेत, ते पोरं घरात ऐकतात आणि मधल्या सुट्टीत तसंच्या तसं फेकतात. एक अजून, आपली बोली. आमच्या नणंदेची मुलगी पुण्याला आठवीत गेली, वर्गात "मॅडम, मी लिहायलेय" म्हणली, तर वर्षभर तिचं नावच "लिहायलेय" पडलं. पोरगी आता घरी पण "मी लिहितीये" म्हणते आणि तिच्या आजीला वाटतं पोरगी शहाणी झाली.

कायद्याचं थोडं सांगते, वकिली नाही, आपल्याला मुख्याध्यापकासमोर बसून बोलता येईल एवढंच. सगळ्यांना माहीत असलेला कायदा म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा, त्याचं कलम १७ म्हणतं की कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येणार नाही. हे कलम मुख्यतः शिक्षक-कर्मचाऱ्यांसाठी आहे, कारण कारवाई सेवानियमांप्रमाणे सांगितलीय. म्हणजे मास्तरच वर्गात पोराला "ढोर", "बिनडोक" म्हणून हिणवत असतील तर हे कलम सरळ लागतं. पोरं पोरांना हिणवतात तिथं ते ओढून-ताणून लावायला जाऊ नका, समोरचा जाणकार असला तर आपलीच फजिती. त्याच कायद्याचं कलम ३२ जास्त कामाचं आहे, पहिली ते आठवीतल्या, म्हणजे ६ ते १४ वयाच्या लेकराच्या हक्काबद्दल लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडं, म्हणजे जिल्हा परिषद नाहीतर नगरपालिका-महापालिकेकडं करता येते, तीन महिन्यांत निर्णय द्यायला पाहिजे, आणि नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील.

लोकांना माहीत नसलेला कायदा म्हणजे महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा. आपल्याला वाटतं रॅगिंग म्हणजे मेडिकल कॉलेजचं हॉस्टेल. पण त्या कायद्यात शैक्षणिक संस्थेची व्याख्या खूप रुंद आहे, शिक्षण देणारी कोणत्याही नावाची संस्था, त्यात वसतिगृह आणि शिकवणी वर्ग पण धरलेत. आणि रॅगिंगच्या व्याख्येत विद्यार्थ्याला लाज, भीती, मानसिक इजा होईल असं वागणं येतं, चिडवणं, शिवीगाळ, धमकी असं स्पष्ट लिहिलेलं आहे. विद्यार्थ्यानं, पालकानं किंवा शिक्षकानं संस्थाप्रमुखाकडं लेखी तक्रार दिली तर सात दिवसांत चौकशी करायची असते, प्रथमदर्शनी खरं वाटलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडं पाठवायची असते, आणि प्रमुखानं दुर्लक्ष केलं तर त्यानंच मदत केली असं धरलं जातं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय दोषी ठरलेल्याला पाच वर्षं दुसरीकडं प्रवेश नाही. हे वाचून मी दोन दिवस विचार करत बसले, कारण अकरा वर्षांच्या पोरावर हे हत्यार उचलणं मला काही जमणार नव्हतं. पण कायदा चिडवण्याला एवढं गंभीर मानतो हे मुख्याध्यापकांना माहीत असणं वेगळी गोष्ट. लातूरला किंवा नांदेडला क्लाससाठी लेकरू हॉस्टेलवर ठेवलेलं असेल तर मात्र हा कायदा पाठ करून ठेवा.

त्या क्लासवाल्यांसाठीच अजून एक. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ ला देशभरातल्या शाळा, कॉलेज, कोचिंग, वसतिगृहं सगळ्यांसाठी सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं एक तरी पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक पाहिजे, जात-वर्ग-धर्म-लिंग-अपंगत्व अशावरून होणाऱ्या छळाची तक्रार गुप्तपणे करायची सोय पाहिजे, आणि तक्रार करणाऱ्यावर डूख धरलेला चालणार नाही. ॲडमिशनच्या काउंटरवर फी विचारताना "तुमचा समुपदेशक कोण, कधी भेटतो" हे विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

बाकी थोडक्यात. दलित-आदिवासी लेकराला चार लोकांत जातीवरून अपमानित केलं तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा आहे, दिव्यांगाला चारचौघांत मुद्दाम अपमानित करणं २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ नं गुन्हा आहे, लैंगिक हेतूनं बोललेले शब्द आणि हावभाव २०१२ च्या पॉक्सोमध्ये येतात आणि तिथं तर माहिती असून न कळवणं हाच गुन्हा. हिणवणारा पण अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडं जातं, मोठ्यांच्या कोर्टात नाही. ह्या तीन गोष्टींत मात्र "आधी शाळेत बघू" म्हणत बसू नये.

आता शाळेत जायचं कसं. बहुतेक अर्ज असे असतात, "माझ्या मुलाला वर्गातील काही मुले त्रास देतात, तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती." योग्य ती कारवाई म्हणजे काय हे तुम्हालाच माहीत नाही तर त्यांना कुठून माहीत असणार, असा अर्ज फायलीत जायलाच जन्मलेला असतो. मी दुसऱ्या वेळी असं लिहिलं: "दिनांक १ जुलैपासून पहिल्या तासाला हजेरीच्या वेळी मागील दोन बाकांवरील विद्यार्थी माझ्या मुलाच्या बोलण्याची नक्कल करतात. ह्या भीतीने तो हजेरीला उत्तर देत नाही. परिणामी वर्गात उपस्थित असूनही १३ दिवस तो गैरहजर दाखवला गेला आहे. सोबत प्रगतीपत्रकाची प्रत." नक्कल जूनपासूनच होती, पण मला जेवढ्या तारखेची खात्री होती तेवढीच लिहिली. शब्द कोणते, वेळ कोणती, जागा कोणती, कोण होतं, लेकरावर काय परिणाम झाला. घरी एक साधी वही केली, रोज नाही, लेकरू आपणहून बोललं त्या दिवशी दोन ओळी. आणि अर्जाच्या दोन प्रती, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय ऑफिसातून उठायचं नाही. क्लार्क म्हणतो "ठेवा ना ताई, बघतो", तर तिथंच बसायचं.

एकटीनं जायचं नाही हे पण शिकले. गेटावर उभं राहून बोलता बोलता अजून तीन आया निघाल्या, एकीच्या मुलीला रंगावरून, एकीच्या पोराला वडील सोबत राहत नाहीत त्यावरून, तिसरीचं तर तेच "कोयता". चौघी मिळून गेलो. एक पालक म्हणत होते आपल्या ओळखीचे साहेब आहेत, त्यांना घेऊन जाऊ, एका फोनमध्ये काम. मी हात जोडले. संस्थाचालक दुसऱ्या गटाचे, साहेब ह्या गटाचे, पाच मिनिटांत ते लेकरांचं राहिलं नसतं, झेडपीच्या निवडणुकीचं झालं असतं. आणि समोरच्या पोराला गेटावर गाठून दम देणं, व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं नाव टाकणं हे तर अजिबातच नाही, ते पण कोणाचं तरी लेकरू आहे आणि आपणच मग हिणवणारे होतो.

सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असायला पाहिजेत हे कायद्यातच आहे, त्यातल्या कोणाला तरी धरून विषय बैठकीत आणि इतिवृत्तात आणायचा. विनाअनुदानित खाजगी शाळेला ती समिती लागू नाही, तिथं पालक-शिक्षक संघ धरायचा. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणं लेकरांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती पण असायला पाहिजे, बहुतेक ठिकाणी तिचा बोर्ड भिंतीवर असतो, बैठक शेवटी कधी झाली ते विचारायचं. शाळेत काहीच हललं नाही तर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, आणि प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीची पोच जोडायची. लेकरू फारच खचलेलं दिसलं तर ह्या पायऱ्यांची वाट बघू नका, १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, दोन्हीवर मराठीत बोलता येतं.

मागायचं काय, हे घरून ठरवून जायचं. आम्ही शिक्षा मागितली नाही. हजेरी सगळ्यांचीच हात वर करून घ्या, एकट्या ह्याची नको. बाक बदलायचा तर हसणाऱ्यांचा बदला, शाळा नेहमी ज्याला त्रास होतो त्यालाच उचलून पुढं बसवते आणि सगळ्यांना कळतं कोण तक्रार घेऊन आलं. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ एक मास्तर उभा करा. वर्गासमोर "सॉरी म्हण, हात मिळवा" हे नाटक करू नका, बाहेर गेल्यावर त्याची दुप्पट वसुली होते. आणि तीन आठवड्यांनी आम्ही परत येणार, ती तारीख आत्ताच लिहा. हे शेवटचं ऐकल्यावर सर पहिल्यांदा नीट सरळ बसले.

मधेच एक कबुली. चौघींपैकी एकीला शाळेतून नंतर कळलं की तिचं पोर दुसऱ्या एकाला "जाड्या" म्हणून हिणवण्यात पुढं आहे. ती बिचारी चार दिवस बाहेर निघाली नाही. मी तिला म्हणलं, माझ्या पोराला पण मी घरात राग आला की "अरे बोल की पटकन, काय ह-ह लावलंय" असं म्हणलेलं आहे, दोनदा नाही, दहादा.

मुख्याध्यापकांनी त्या दिवशी कॅटलॉग मागवला, टेबलावर उघडला आणि ३४ नंबरच्या ओळीवरून बोट फिरवत गेले. त्याच दिवसांच्या गृहपाठाच्या वह्या आम्ही नेल्या होत्या, तारीख आणि वर्गशिक्षकांची लाल सही. गैरहजर पोराची वही सरांनी तपासली कशी ह्याचं उत्तर कोणाकडंच नव्हतं, आणि आम्ही ते मागितलं पण नाही. सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग शिपायाला सांगून वर्गशिक्षकांना बोलावलं.

आता हजेरी हात वर करून होते. टाकीजवळ अजून अधूनमधून कोणीतरी ह-ह करतं, पण पोरगं त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगतं, आणि परवा म्हणत होतं की एका पोरीनं त्यांना "बास झालं रे, शिळं झालं" म्हणून झापलं. त्या १३ दिवसांच्या दुरुस्तीचा अर्ज मात्र अजून ऑफिसातच पडलाय. आवक नंबर आहे माझ्याकडं, सोमवारी जाणार आहे परत.